दुसऱ्याच्या देवावर उगारलेला हात

बेहेमोथ या मेटल बँडचा 'द शिट ओव्ह गॉड' हा अल्बम मे २०२५ मध्ये आला, पण त्यावरची भांडणं नाव जाहीर झालं तेव्हाच पेटली होती. हा बँड १९९१ मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात सुरू झाला आणि मी सध्या त्याच शहरात राहतो. त्यामुळे एकाच अल्बमवरचे दोन वाद मला एकदमच ऐकायला मिळाले. एक तिकडचा, माझ्या मेटलवेड्या मराठी मित्रांमधला. दुसरा इथला, पोलिश श्रोत्यांमधला. आवाज दोन्हीकडे चढले. पण दोन्हीकडची माणसं एका गोष्टीबद्दल बोलत नव्हती, आणि जसजसं ऐकत गेलो तसतसं हे मला जास्त बोचत गेलं.

तिकडचा वाद असा. एका गटाचं म्हणणं, याला म्हणतात छाती. सरळ देवालाच शिवी घातलीय आणि तीही मुखपृष्ठावर. दुसऱ्या गटाला नाव पोरकट वाटलं. नेर्गाल, म्हणजे आदाम दार्स्की, हा बँडचा गायक, गिटारवादक आणि कर्ताधर्ता. त्याचा जन्म १९७७ चा, म्हणजे पन्नाशी आता दूर नाही. 'द सेटनिस्ट'सारखा अल्बम देणाऱ्या माणसाने शाळेच्या मुतारीत पोरं भिंतीवर लिहितात तसलं काहीतरी अल्बमला नाव म्हणून द्यावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. आणि तिसरा एक, जो मेटल ऐकत नाही पण आमच्यात असतो, त्याने विचारलं, "अरे, आपल्या देवाबद्दल कुणी असं नाव ठेवलं असतं तर तुम्ही अशाच टाळ्या वाजवल्या असत्या का?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. विषय ड्रमच्या आवाजाकडे वळला.

इथे मात्र देवाचा विषय जवळजवळ निघालाच नाही. माझ्या ओळखीच्या पोलिश श्रोत्यांची तक्रार संगीताची होती. बँडचा ड्रमवादक इन्फर्नो, त्याचे ड्रम फार घासूनपुसून स्वच्छ केलेत. गिटारची धार बोथट झालीय. मोठ्या मैदानावर हजारो लोकांना एका सुरात ओरडता यावं अशा बेताने गाण्यांचे मुखडे बांधलेत. निर्माता येन्स बोग्रेन हा स्वीडनचा नावाजलेला माणूस, पण त्याच्या हाताखालून निघालेले सगळे बँड सारखेच वाजतात, असं एकाचं ठाम मत. दुसऱ्याला खुद्द नेर्गालचाच वीट आला होता. हा टीव्हीवर दिसतो, याची केस कापायची दुकानं आहेत, गप्पाटप्पांच्या मासिकांत याचे फोटो येतात. याला आता नेमका कशाचा राग आहे?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो प्रतिमांच्या मुळाशी जातो. उलटा क्रॉस, बिशपच्या टोपीसारखं शिरोभूषण, धुपाचा धूर, प्रेतासारखं काळं-पांढरं रंगवलेलं तोंड. २०२० मध्ये महासाथीच्या काळात तर त्यांनी एका ओसाड चर्चमध्ये उभं राहून पूर्ण कार्यक्रम वाजवला आणि तो जगभर थेट दाखवला. हे सगळं पाहून दचकायचं, कंटाळायचं की विचारात पडायचं, हे त्यामागचा राग खरा आहे का यावर ठरतं. आणि तो राग कुठून येतो हे लांबून दिसत नाही. लांबून दिसतो फक्त रंग.

म्हणून आधी इथली गोष्ट सांगतो. सप्टेंबर २००७ मध्ये ग्दान्स्कच्या शेजारच्या ग्दिन्या शहरातल्या एका क्लबमध्ये कार्यक्रम चालू असताना नेर्गालने बायबल फाडलं, पानं प्रेक्षकांत भिरकावली आणि कॅथलिक चर्चला खुनशी पंथ म्हटलं. पोलंडच्या दंडसंहितेत १९६ वं कलम आहे. पूजेच्या वस्तूचा किंवा प्रार्थनास्थळाचा जाहीर अपमान करून इतरांच्या धार्मिक भावना दुखावल्या तर दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. पहिली तक्रार टिकली नाही, कारण कायद्याला किमान दोन दुखावलेली माणसं लागतात आणि पुढे आला होता एकच. मग आणखी तक्रारदार उभे राहिले. ते त्या रात्री क्लबमध्ये नव्हतेच. त्यांनी नंतर चित्रण पाहिलं आणि त्यांच्या भावना तेव्हा दुखावल्या. २०११ मध्ये ग्दिन्याच्या न्यायालयाने नेर्गालला सोडलं आणि हा कलाविष्काराचा भाग असल्याचं मान्य केलं. प्रकरण वर गेलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भावना दुखावण्याचा थेट हेतू असलाच पाहिजे असं नाही. आपल्या कृतीने कुणी दुखावू शकतं हे कळत असूनही ती केली, तरी गुन्हा होऊ शकतो. शेवटी तो निर्दोष सुटला, पण कार्यक्रमापासून सुटकेपर्यंत कित्येक वर्षं गेली होती.

याच काळात एक समांतर खटला चालू होता, तो आपल्याकडच्या मेटलवाल्यांना बहुधा माहीत नसतो. दोदा, खरं नाव दोरोता राबचेव्स्का, ही इथली अतिशय लोकप्रिय पॉप गायिका. काही काळ ती नेर्गालची जोडीदार होती. २००९ मध्ये एका मुलाखतीत ती म्हणाली की आपला बायबलपेक्षा डायनोसॉरवर जास्त विश्वास आहे, आणि बायबल लिहिणारे दारू पिऊन नि कसल्यातरी वनस्पती ओढून लिहीत असावेत. २०१२ मध्ये तिला त्याच १९६ व्या कलमाखाली दोषी ठरवून ५,००० झ्वॉटी दंड झाला. २०१५ मध्ये इथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने कलम वैध ठरवलं. ती युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिला की पोलंडने तिच्या अभिव्यक्तीस्वातंत्र्याचा भंग केला. म्हणजे मंचावर धर्मग्रंथ फाडणारा सुटला आणि मुलाखतीत एक वाक्य बोलणारी अडकली. ज्याच्या हातात 'ही कला आहे' हे सांगायला चेहऱ्यावरचा रंग आणि मागे भिंतीएवढे स्पीकर होते, त्याला बचाव मिळाला. साध्या कपड्यांत बोलणाऱ्या बाईला तो मिळाला नाही. या कलमाविरुद्ध याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

पण कायद्याच्याही खाली जायला हवं. ग्दान्स्कच्या जुन्या भागात सेंट ब्रिगिडचं चर्च आहे. ऑगस्ट १९८० मध्ये इथल्या गोदी कामगारांनी संप केला, त्यातून सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली, आणि या चर्चचे धर्मगुरू हेन्रिक यांकोव्स्की यांनी गोदीत जाऊन संपकऱ्यांसाठी मिस्सा म्हटली. लष्करी कायद्याच्या काळात अनेकांना याच चर्चने आसरा दिला. इथल्या साठीच्या माणसाला चर्च म्हटलं की हे आठवतं: सरकार खोटं बोलत होतं तेव्हा खरं बोलायची जागा. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट संपली, आणि त्यानंतर तीच संस्था सत्तेच्या पंगतीत जाऊन बसली. १९९० मध्ये सरकारी शाळांत धर्मशिक्षण परत आलं. १९९३ मध्ये गर्भपाताचा कायदा कडक झाला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने तो आणखी आवळला, तेव्हा या देशाच्या शहराशहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. यांकोव्स्की २०१० मध्ये गेले, २०१२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, मग त्यांच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये काही जणांनी रात्री दोर बांधून तो पुतळा खाली पाडला. पुढे शहराने तो हटवलाच.

एकाच धर्मगुरूच्या आयुष्यात आणि मरणानंतर हे सगळं घडलं. ज्या घरात आजीने त्या चर्चमध्ये आसरा शोधला त्याच घरातली नात त्या चर्चविरुद्ध मोर्चात चालली. माझा एक सहकारी ईस्टरच्या आदल्या दिवशी आईबरोबर अंड्यांची टोपली घेऊन चर्चमध्ये आशीर्वादाला जातो आणि संध्याकाळी बेहेमोथ लावतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. आईवर त्याचं प्रेम आहे, आणि आईला ज्या संस्थेने आयुष्यभर मान खाली घालायला शिकवलं तिच्यावर त्याचा राग आहे. नेर्गाल त्याच्यासाठी सैतानाचा पुजारी वगैरे नाही. जे त्याला जेवणाच्या टेबलावर बोलता येत नाही ते ओरडून सांगणारा माणूस आहे.

हे समजलं की बायबल फाडणं हे घरातलं भांडण होतं हे लक्षात येतं. नेर्गालचा बाप्तिस्मा, त्याची शाळा, त्याची आजी, सगळं त्या पुस्तकाच्या सावलीत झालेलं. अशी भांडणं आपल्याला परकी नाहीत. तुकोबांनी देव आपल्या लेखी मेला असं म्हटलं, त्याच्याशी बोलणं टाकलं, त्याचं नाव घेणार नाही म्हणाले, आणि तरी वारकरी ते अभंग डोक्यावर घेऊन चालतात. तो राग ज्याने आयुष्य देवाच्या दारात घालवलं त्याचा होता. आपण त्याला निंदा म्हटलं नाही कारण बोलणारा आतला होता. नेर्गालला तुकोबांच्या रांगेत बसवायचा माझा अजिबात विचार नाही. एकाला देव हवाच होता, दुसऱ्याला नकोच आहे. पण बोलणारा कुठे उभा आहे ते पाहूनच त्याच्या शिवीचं वजन करायचं, ही समज आपल्या मातीत आहे, एवढंच मला म्हणायचंय.

आता तिकडे येतो. २००६ मध्ये स्लेअर या अमेरिकन बँडचा 'क्राइस्ट इल्यूजन' आला. मुखपृष्ठावर हात तुटलेला, रक्ताच्या समुद्रात उभा असलेला ख्रिस्त. मुंबईतल्या एका कॅथलिक संघटनेने आक्षेप घेतला आणि ईएमआय इंडिया या संगीत कंपनीने भारतातल्या सगळ्या प्रती परत मागवून नष्ट केल्या. त्या वेळी मेटल ऐकणाऱ्यांमध्ये जो संताप होता तो माझ्या पिढीला अजून आठवतो. मी त्या संतापात होतो आणि आजही प्रती नष्ट करणं मला चूक वाटतं. पण त्या वेळी एक गोष्ट आमच्यातल्या कुणी बोलली नाही. भारतात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २.३ टक्के. ज्या देशात चर्च कुणावर राज्य करत नाही, जिथे क्रॉस गळ्यात घालणारा माणूस अनेक गावांत स्वतःच दबकून राहतो, तिथे तेच चित्र कुणाच्या सत्तेला धक्का देत नाही. अमेरिकेत ते चित्र बलाढ्य संस्थेच्या तोंडावर फेकलेलं होतं. मुंबईत ते वसई-वांद्र्याच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या अंगणात येऊन पडलं. चित्र तेच, रंग तेच, पण पडण्याची जागा बदलली.

आणि म्हणूनच बेहेमोथसाठी आपल्याकडे वाजणाऱ्या टाळ्यांबद्दल मला अस्वस्थ वाटतं. उलट्या क्रॉसचा टी-शर्ट घालून आपण ज्या देवाला आव्हान देतो तो आपल्या घरात राहत नाही. त्याच्या नावाने आपल्या शाळेत प्रार्थना झाली नाही, आपलं लग्न अडलं नाही, आपल्या आईचा उपास त्याच्यासाठी नाही. नेर्गालने जे पणाला लावलं ते आपण लावत नाही. धाडस त्याचं आहे. आपण त्याचे श्रोते आहोत, आणि श्रोता असणं पुरेसं आहे. पण श्रोत्याने स्वतःला बंडखोर समजायला लागावं हे मला पटत नाही.

माझ्या मेटल न ऐकणाऱ्या मित्राचा प्रश्न इथे परत उभा राहतो. त्याला मी उत्तर देतो. आपल्या देवाबद्दल कुणी असं नाव ठेवलं असतं तर आपल्यापैकी निम्मे टाळ्या वाजवणारे गप्प बसले असते, काही दुखावले असते, आणि तो अल्बम काढणारा पोलीस ठाण्यात असता. भारतीय दंडसंहितेत २९५अ हे कलम इंग्रजांच्या काळात, १९२७ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली आणि तेच कलम २९९ या आकड्याने पुढे चालू राहिलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कागदावर आपलं कलम पोलिश कलमापेक्षा आरोपीला जास्त जपतं, कारण त्यात हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट असावा लागतो. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं तेही या अटीकडे बोट दाखवूनच. पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. हेतू दुष्ट होता का हे न्यायालय ठरवेपर्यंत माणूस कोठडी पाहून आलेला असतो, आणि वेगवेगळ्या राज्यांतल्या तक्रारींच्या मागे धावून खंक झालेला असतो. मकबूल फिदा हुसेन पंढरपुरात जन्मले. चित्रांवरून त्यांच्यावर देशभर खटले झाले, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला, २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि तरी ते परतले नाहीत. २०११ मध्ये लंडनमध्येच वारले. न्यायालयात जिंकूनही हरता येतं ते असं.

पोलंड या बाबतीत स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. २०१४ मध्ये पोझनानमधला बेहेमोथचा कार्यक्रम विरोधामुळे रद्द झाला. २०११ मध्ये नेर्गाल टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मार्गदर्शक म्हणून आला तेव्हा बिशपांनी जाहीर निषेध केला. पण फरक आहे, आणि तो रोजच्या आयुष्यात जाणवतो. इथे चर्चला जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका बाईंना या अल्बमचं नाव अगदी घाणेरडं वाटलं. त्यांनी ते मला स्पष्ट सांगितलं, चेहरा वाकडा केला आणि आम्ही दुसऱ्या विषयावर बोलू लागलो. दुखावल्या त्या खरोखरच. पण दुखावल्यानंतर पुढची पायरी तक्रार असते असं त्यांच्या मनात आलं नाही. एवढी मोकळी जागा दोन माणसांत असली की बँडचं काम अवघड होतं, सोपं नाही: समोरून पोलीस येत नाहीत, मग गाण्यालाच उभं राहावं लागतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर या शहरात मी उलट्या क्रॉसचे कपडे घालत नाही. कायदा मला अडवत नाही आणि कुणी काही बोललंही नसतं. पण मी इथे पाहुणा आहे. माझ्या सहकाऱ्याने ते घातलं तर तो त्याच्या आजीशी, त्याच्या शाळेशी, त्याच्या सरकारशी बोलत असतो. मी घातलं तर मी कुणाशी बोलत असतो? गाणं मी त्याच्याइतकंच प्रेमाने ऐकतो. राग मात्र उसना घेता येत नाही.

याची उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कल्ट ऑफ फायर हा चेक प्रजासत्ताकातला ब्लॅक मेटल, म्हणजे मेटलच्या सगळ्यात काळोख्या शाखेतला बँड. २०१३ मध्ये त्यांनी जो अल्बम काढला त्याचं नाव थेट देवनागरीत छापलं होतं: 'मृत्यु का तापसी अनुध्यान'. त्यानंतर २०२० मध्ये 'मोक्ष' आणि 'निर्वाण' असे दोन अल्बम. काली, स्मशान, तंत्रमार्ग हे सगळं त्यांच्या मंचावर येतं. आपल्याकडच्या श्रोत्यांना त्याचा केवढा अभिमान! पाहा, युरोपातले गोरे आपल्या देवीसमोर झुकतात. मलाही ते संगीत फार आवडतं; संथ, जड, मंत्रासारखं फिरत राहणारं. पण त्यांच्या हातातली काली ही कुणाच्या घरातली काली नाही. तिच्या नावाने कुणावर बंधनं नाहीत, कुणाला गाभाऱ्याबाहेर थांबवलेलं नाही. आपण नेर्गालच्या क्रॉसकडे जसं बघतो तसंच ते आपल्या कालीकडे बघतात: सुंदर, भीषण आणि लांबची. मुंबईच्या डेमोनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' काढला, तेव्हा ते आतून आलेलं काम होतं. विष्णूच्या दहा अवतारांवर डेथ मेटल करणं ही छोटी गोष्ट नाही आणि त्या अल्बमची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी आपल्याकडे झाली नाही, याची मला खंत आहे. पण त्यात देवाशी भांडण नाही, देवाच्या पराक्रमाची कथा आहे. भांडणाचा अल्बम आपल्याकडे अजून कुणी काढलेला मी ऐकला नाही, आणि का काढला नसेल हे मी वर सांगितलंच आहे.

पोलंडमध्येच बातुश्का नावाचा बँड आहे, बियाविस्तोकच्या भागातला, जिथे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची वस्ती बरीच आहे. २०१५ च्या त्यांच्या 'लितुर्गिया'मध्ये ऑर्थोडॉक्स प्रार्थनेची चाल आणि ब्लॅक मेटल असं मिसळलं होतं की ही उपासना आहे की विटंबना हे ओळखू येत नाही. रशियात आणि बेलारूसमध्ये त्यांना विरोध झाला. मला ही दिशा बेहेमोथच्या आजच्या दिशेपेक्षा जास्त खोल वाटते. ओरडून नाकारण्यापेक्षा इतक्या जवळ जाऊन उभं राहायचं की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच श्रद्धेची चाचपणी करावी लागेल. दुर्दैवाने पुढे त्या बँडचे दोन तुकडे झाले, २०१९ मध्ये दोघांनी वेगवेगळे अल्बम काढले आणि चाहत्यांची सारी ताकद खरा बातुश्का कोणता यावर खर्ची पडली.

आता नव्या अल्बमबद्दल माझं मत, कारण ते न सांगता एवढं बोलणं बरोबर नाही. आठ गाणी, चाळीस मिनिटांच्या आत. संगीत चांगलं आहे. 'लुसिफेराऑन'मध्ये जो वेग आणि वजन आहे त्याला मी कुठेही नाव ठेवणार नाही, 'ओ व्हीनस, कम'मधला संथपणा मला मोहवतो, आणि इन्फर्नो १९९७ पासून या बँडमध्ये वाजवतोय आणि अजून त्याचे हात दमलेले नाहीत. ड्रम फार स्वच्छ आहेत ही इथल्यांची तक्रार मला पटते. थोडी धूळ असती तर बरं झालं असतं. नाव मात्र मला कमकुवत वाटतं. अश्लील आहे म्हणून नव्हे. त्याने कुणाला काही सांगितलं नाही म्हणून.

'द सेटनिस्ट' आला तेव्हा, २०१४ मध्ये, परिस्थिती काय होती ते आठवावं. २०१० च्या ऑगस्टमध्ये नेर्गालला रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. ग्दान्स्कच्या रुग्णालयात उपचार झाले, डिसेंबरमध्ये एका अनोळखी दात्याचा अस्थिमज्जा त्याला मिळाला. बायबल फाडणारा माणूस मरणाच्या दारात पडला होता आणि देवाने शिक्षा दिली म्हणणारेही होते. त्यातून उठून त्याने जो अल्बम केला त्यात राग होता, पण त्याहून जास्त जगण्याची तहान होती. शेवटच्या गाण्यात तो सूर्याला हाक मारतो तेव्हा ती हाक कुणालाही चिडवायला नसते. तिथे सैतान हे मान ताठ ठेवून जगण्याचं रूप होतं, आणि ते रूप त्याने शरीराने कमावलेलं होतं. अल्बम पोलंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला. या कॅथलिक देशात. त्या नावातही चिथावणी होतीच, पण त्या चिथावणीच्या मागे एक पूर्ण माणूस उभा होता. आताच्या नावामागे मला सवय दिसते.

तरीही 'जुना बेहेमोथ परत द्या' म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाणार नाही. या बँडच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी हेच म्हटलंय. सुरुवातीचे अल्बम बाल्टिकच्या वाऱ्याचे, जुन्या स्लाव्ह देवांचे, कच्च्या ब्लॅक मेटलचे होते. १९९९ च्या 'सटॅनिका'पासून ते डेथ मेटलकडे वळले तेव्हा कट्टर मंडळी नाराज झाली. नेर्गालने २०१७ मध्ये 'मी अँड दॅट मॅन' या नावाने ब्लूजची गाणी केली तेव्हा तो विकला गेला. २०१८ च्या अल्बमच्या सुरुवातीला लहान मुलांच्या आवाजात क्षमा नाकारणारा कोरस आला तेव्हा तो नाटकी झाला. यातल्या काही तक्रारी बरोबर असतील. पण तक्रार करणाऱ्यांनी बँड थांबवला नाही आणि बँडने तक्रार करणाऱ्यांना शत्रू मानलं नाही, हे मला फार निरोगी वाटतं. चाहत्याने निर्दय असावं. आवडत्या बँडचं गाणं वाईट असेल तर ते वाईट आहे हे सांगणं हा चाहत्याचा धर्म आहे. माझ्या तिकडच्या मित्रांमध्ये नाव पोरकट म्हणणारा जो गट होता, त्याला पहिल्या गटाने घाबरट ठरवलं. हे मला अन्यायाचं वाटलं. एखाद्या चिथावणीला फिकी म्हणणं म्हणजे धर्ममार्तंडांच्या बाजूला जाणं नव्हे. उलट जो माणूस चिथावणीला गंभीरपणे घेतो तोच ती फिकी आहे हे सांगू शकतो.

फक्त या निर्दयपणाला एक जोड हवी. फेब्रुवारी २०२१ मध्ये मरियमच्या चित्रावर पाय ठेवलेल्या फोटोवरून न्यायालयाने नेर्गालला १५,००० झ्वॉटी दंड सुनावला. त्याने त्याला आव्हान दिलं आणि त्याच वेळी 'ऑर्दो ब्लास्फेमिया' नावाने निधी उभारायला सुरुवात केली: स्वतःच्या खटल्यासाठी, आणि त्याच कलमाखाली अडकलेल्या इतर कलाकारांसाठीही. मला तो फोटो आवडला नव्हता. स्वस्त वाटला होता. ज्या ओळखीच्या लोकांनी त्या निधीत पैसे टाकले त्यांतल्या बऱ्याच जणांचं मतही हेच होतं. फोटो टुकार, खटला त्याहून टुकार, असं म्हणून त्यांनी पैसे दिले.

तिकडच्या माझ्या मित्रांकडे माझं हेच मागणं आहे. बेहेमोथच्या नावावर हवं तेवढं भांडा. पण उद्या आपल्याच एखाद्या शहरातला कुणी मुलगा किंवा मुलगी आपल्या घरातल्या, आपल्या आईच्या देव्हाऱ्यातल्या देवाशी भांडणारा अल्बम काढेल, आणि २९९ कलमाचा कागद त्यांच्या दारात येईल, तेव्हा तो अल्बम आवडला का हे विचारत बसू नका. वकिलाचा खर्च वाटून घ्यायचा आहे. माझा वाटा मी इथून पाठवेन, गाणी मला मुळीच आवडली नाहीत तरी.